कुलाबा किल्ल्यात चालत जायचंय? नुसती ओहोटीची वेळ विचारू नका

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ओहोटी किती वाजता, हेही कुणी ना कुणी सांगतं. पाणी किती उतरणार ते मात्र कुणी सांगत नाही, आणि माझा राग अजून गेलेला नाही तो यावरच.

आम्ही जिथे उतरलो होतो तिथे भिंतीवर कागद चिकटवला होता : ‘ओहोटी दुपारी १२.३०’. निघण्याआधी फोनवर विचारलं तेव्हाही हेच उत्तर मिळालं होतं. त्या हिशेबाने आई-बाबांना घेऊन किनाऱ्यावर गेलो. साडेबारा झाले, एक वाजला, पण किल्ल्याच्या वाटेवर पाणीच पाणी. पुन्हा फोन केला. ‘ओहोटीच आहे मॅडम, थोडं थांबा.’ थांबलो. आई उन्हात कंटाळली, बाबा चपला हातात घेऊन उभे. दीडनंतर लाटा उलट पुढेच सरकू लागल्या.

जवळच जाळं साफ करत बसलेल्या एका मावशींनी शेवटी सांगितलं, ‘ताई, आज अष्टमी. भांगाचं पाणी आहे, ते वाट सोडत नाही.’

इतकी साधी गोष्ट त्या कागदावर एका ओळीत मावली असती. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून उधाण येतं : भरती उंच चढते आणि ओहोटीही खोल उतरते. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा भांग. भरती कमी, ओहोटीही कमी. घड्याळाप्रमाणे ओहोटी होते, पण पाणी पुरेसं हटत नाही.

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. (वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.) आता हाच हिशेब अष्टमीला लावा. भरती सहाला, ओहोटी सव्वाबाराला. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर भर दुपारची सोयीची ओहोटी नेमकी भांगाच्या दिवसांत येते, आणि पौर्णिमेची खोल ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी, सहाच्या सुमारास. सुट्टी बघून दुपारी येणारा माणूस अडकतो तो इथेच. रोज पर्यटकांना वेळ सांगणाऱ्यांना हे सांगता येऊ नये?

त्यानंतर मी भरती-ओहोटीचं कोष्टक वाचायला शिकले. वेळेसमोर मीटरमध्ये आकडा असतो, तो महत्त्वाचा. हा आकडा म्हणजे वाटेवरच्या पाण्याची खोली नव्हे. नकाशासाठी ठरवलेल्या, जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून तो मोजतात. आमच्या त्या दुपारचा आकडा दीड मीटरच्या वर होता. आणखी एक : दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक अर्ध्या मीटरपर्यंत उतरते, तर त्याच दिवशीची दुसरी बरीच वर थांबते. म्हणून दोन्ही आकडे बघा.

पुढच्या वेळी हिवाळ्यातली त्रयोदशी निवडली. उधाण जवळ आलेलं, ओहोटी चारच्या सुमारास, आकडा छोटा, आणि सूर्यास्ताआधी परतायला वेळ. तीनला निघालो. वाळू ओली, मध्ये घोट्याएवढं पाणी. बाबा सगळ्यांच्या पुढे चालत होते, आणि मला मनापासून अभिमान वाटला, कारण ही वेळ मी काढली होती. आत सिद्धिविनायकाचं दर्शन झालं, गोड्या पाण्याची पुष्करणी पाहिली.

ओहोटीची वेळ म्हणजे निघायची वेळ नव्हे. तासभर आधी निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात किनाऱ्याला लागा. पाणी सहा तासांत एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा साधारण बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. सुरुवातीचा संथपणा बघून ‘अजून वेळ आहे’ म्हणत फोटो काढत राहू नका. वाळू सपाट दिसली तरी तशी नसते, खोलगट पट्टे आधी भरतात आणि ते आपल्या पाठीमागे असू शकतात.

पायात पट्ट्याच्या चपला हव्यात. खडकांवर शेवाळ असतं आणि कालवांच्या कडा पाय कापतात. वेळ दर दिवशी सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. कोष्टकातला आकडा चंद्र-सूर्याच्या गणितावरून काढलेला असतो. किनाऱ्याकडे जोराचा वारा असेल तर पाणी त्याहून वर राहतं. पावसाळ्यात चालत जाण्याचा विचारच नको.

आणि किल्ल्यात असताना वाट बुडालीच, तर पाण्यात उतरू नका. किल्ल्याची जमीन भरतीतही कोरडी असते. तिथेच थांबा, होडी मिळाली तर होडीने या, नाहीतर पुढची ओहोटी येऊ द्या.