जाड कादंबरीला कात्री कुठे लावायची?

एखाद्या लांबलचक अद्भुत कादंबरीवर सिनेमा करायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: एवढं सगळं बसवायचं कसं? ते बसत नाही. ५०० पानांची कादंबरी, पानाला ३०० शब्द धरले तरी दीड लाख शब्दांची होते. नुसती मोठ्यानं वाचायला वीसेक तास लागतात. अडीच तासांच्या पटकथेत सीन मावतात शंभर, फार तर सव्वाशे. हा हिशोब आधीच कागदावर मांडला की पुढची बरीच रडारड वाचते.

खरी गडबड त्यानंतर होते. कापायचं तर आहे, पण जीव होत नाही, म्हणून सगळीकडूनच थोडं थोडं कापलं जातं. दहाच्या दहा पात्रं शिल्लक राहतात, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन सीन येतात आणि कुणाचंच काही वाटत नाही. पुस्तक वाचलेला म्हणतो ‘उरकलं’, न वाचलेला म्हणतो ‘कोण कुणाचा भाऊ तेच कळलं नाही’. त्यापेक्षा एखादं उपकथानक मुळापासून उपटावं आणि उरलेल्यांना ऐसपैस बसू द्यावं.

उपटण्याआधी मात्र कार्डं करावीत. एका प्रसंगाला एक कार्ड, त्यावर तीन ओळी: कुणाला काय हवं होतं, शेवटी काय बदललं, आणि इथली कोणती गोष्ट पुढे लागणार आहे. तिसरी ओळ लिहायचा सगळ्यांना कंटाळा, आणि नेमकी तीच पुढे नडते.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चंच बघा: घातक जादूची अंगठी नष्ट करायला निघालेल्यांची ही टोल्कीनची कादंबरी, तिचे तीन भागांत सिनेमे झाले. पीटर जॅक्सननं पहिल्या भागातून (२००१) टॉम बॉम्बॅडिल हा रानातला अवलिया काढून टाकला. चाहते आजही कुरकुरतात, पण निर्णय योग्यच होता, कारण तो गेल्यानं मुख्य प्रवासाचं काही अडत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. बॉम्बॅडिलबरोबर जुन्या थडग्यांचा प्रसंगही गेला, आणि हॉबिट मंडळींना (कथेतल्या बुटक्या नायकांना) जुने खंजीर मिळतात ते तिथेच. पुस्तकात पुढे मेरी हा हॉबिट त्यातलाच एक खंजीर विच-किंग या दुष्ट सेनापतीला मारतो. तो घडवला होता त्याच शत्रूविरुद्ध, म्हणून त्याचा घाव लागू पडतो. सिनेमात त्यांचा वाटाड्या ॲरागॉर्न वाटेत चौघा हॉबिटांना तलवारी देऊन मोकळा होतो. प्रसंग राहिला, कारण गेलं. तरी थिएटरात कुणाला खटकलं नाही, कारण तोवर सगळ्यांचं लक्ष विच-किंगला ठार करणाऱ्या एओविनवर असतं. म्हणजे कारण कापलं तरी चालतं, पण त्या क्षणी भावना भक्कम लागते. दोन्ही कापलं की सीन कोसळतो.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. कादंबरीच्या दुसऱ्या खंडात आधी एका तुकडीची हकिकत सलग येते, मग अंगठी घेऊन निघालेल्या फ्रोडो-सॅमची. पडद्यावर हे चालत नाही, दीड तास नायक गायब राहील. म्हणून दोन्ही धागे आलटून-पालटून विणले. तसे विणताना तारखा जुळवल्या तर जाळं विणणाऱ्या शेलॉब या अजस्र कोळ्याचा प्रसंग तिसऱ्या भागातल्या घटनांच्या वेळेला येतो, म्हणून तो तिकडे ढकलला. मग दुसऱ्या भागाच्या शेवटी फ्रोडोकडे करण्यासारखं काही उरेना! त्यासाठी पुस्तकात अंगठीचा मोह झटकून टाकणारा फारामिर हा सरदार सिनेमात आधी मोहात पडतो आणि दोघांना ओस्गिलिआथ या पडक्या शहरात घेऊन जातो. फारामिर बिघडवला म्हणून पटकथाकारांना शिव्या घालणाऱ्यांनी ही साखळी एकदा उलटी वाचावी.

मनातले विचार हे पुढचं दुखणं. ‘ड्यून’ ही १९६५ची कादंबरी अशा विचारांनी खच्चून भरलेली आहे. १९८४च्या १३७ मिनिटांच्या सिनेमात ते कुजबुजत्या आवाजात ऐकवले आणि कान किटले. २०२१ला मात्र अर्धीच कादंबरी घेतली आणि नायक आणि त्याची आई हातांच्या खुणांनी बोलू लागले. विचार हाताला दिला की अभिनयाला जागा मिळते.

नावांचाही छळ असतोच. वाचक चार पानं मागे जाऊन बघतो, प्रेक्षकाला ती सोय नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधले दोन खलनायक ‘साउरॉन’ आणि ‘सारुमान’ यांत घोटाळा होईल म्हणून १९७८च्या ॲनिमेशनपटात दुसऱ्याला कित्येकदा ‘आरुमान’च म्हटलंय. एकाच अक्षराची दोन महत्त्वाची नावं असतील तर एक बदलून टाका, चाहते चिडले तर चिडोत.

अद्भुताचे नियम किती सांगायचे, याचं उत्तम उदाहरण मात्र आपल्याकडचं आहे. ‘तुंबाड’ची (२०१८) एक प्रेरणा म्हणजे पुण्याचे भयकथाकार नारायण धारप यांच्या कथा. सुरुवातीलाच थोडक्यात सांगून टाकलंय: हस्तर या शापित देवाला सोनं मिळालं, धान्य नाही, म्हणून तो कायमचा भुकेला. कणकेची बाहुली दाखवा, तो खाण्यात गुंतला की लंगोटातली नाणी काढा. बस. त्यावर १०४ मिनिटं निघतात, आणि शेवटी हाच नियम उलटतो: जितक्या बाहुल्या, तितके हस्तर. नवीन काही समजवावंच लागत नाही. तुमच्या कादंबरीत जादूचे बारा नियम असतील तर पटकथेत दोन ठेवा, तेही असे की शेवटाला लागतील.

कॉमिक्सचं गणित निराळं. चौकटी बघून वाटतं, स्टोरीबोर्ड (शॉटगणिक चित्रांचा आराखडा) तर तयारच आहे! तसं नसतं. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ (फँटम) हवेत उडी घेतल्या घेतल्या तीन वाक्यं बोलतो. कागदावर ते खपतं, कारण तिथे वेळ वाचकाच्या हातात असते. पडद्यावर उडी एका सेकंदात संपते आणि २५ शब्दांना दहा सेकंद लागतात. संवाद उडीच्या आधी न्या, नाहीतर दोन शब्दांवर आणा. उभ्या चौकटींचंही तसंच. पडदा आडवा, त्यामुळे उंच मनोरा दाखवायचा तर कॅमेरा वर न्यावा लागतो आणि प्रत्येक वेळी तीन-चार सेकंद जातात. ‘सिन सिटी’नं (२००५) चौकटी जवळजवळ जशाच्या तशा उचलल्या, पण त्यासाठी नट हिरव्या पडद्यापुढे उभे केले आणि काळा-पांढरा रंगही तसाच ठेवला. निम्मं अनुकरण केलं असतं तर नाटकी दिसलं असतं.

‘चिंटू’ची अडचण याच्या उलट होती. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांची ही चित्रमालिका १९९१पासून ‘सकाळ’मध्ये यायची, रोज तीन-चार चौकटी आणि एक टोला. असे टोले ओळीनं लावले तर अर्ध्या तासात प्रेक्षक जांभया देऊ लागतो. श्रीरंग गोडबोलेंच्या सिनेमात (२०१२) मुलांचं खेळायचं मैदान बळकावलं जातं, आणि त्या एका भांडणावर बाकीचे विनोद टांगलेत.

आपल्याकडे मध्यंतर असतं, हेही विसरू नका. तुम्ही ठरवलं नाही तर थिएटरवाले ठरवतात, मग भले राक्षस दारात उभा असो. सत्तराव्या-पंचाहत्तराव्या मिनिटाला एक प्रश्न सुटून दुसरा उभा राहील असं बघा.

हक्कांचं थोडक्यात. आपल्या कायद्यानं लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. ‘वीरधवल’कार नाथमाधव १९२८ला गेले, तेव्हा ती कादंबरी कुणीही घ्यावी. धारप २००८ला गेले, तिथे वारसांची लेखी, सहीनिशी परवानगी हवी. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो. ‘तुंबाड’चं चित्रीकरण २०१२ला सुरू झालं आणि सिनेमा लागला २०१८ला, तेव्हा मुदतीचा आकडा दहाच्या पुढचाच टाका.