तुम्ही विचारलंत म्हणून: सांतो दोमिंगोच का?

कॅरिबियनला जाऊन आल्यावर समुद्रकिनाऱ्यांऐवजी मी सांतो दोमिंगोच्या जुन्या रस्त्यांविषयीच का बोलते, असे मला अनेकजण विचारतात. डोमिनिकन रिपब्लिकची ही राजधानी मला प्रिय झाली ती मुख्यतः तिथे पाचशे वर्षांपूर्वी झालेल्या एका प्रवचनामुळे.

कोलंबसच्या भावाने ओझामा नदीच्या पूर्व काठावर वसवलेले गाव वादळात उद्ध्वस्त झाल्यावर, १५०२ साली स्पॅनिश गव्हर्नर निकोलास दे ओवांदो याने ते पश्चिम काठावर नव्याने आखले. अमेरिका खंडातील सर्वांत जुने कॅथीड्रल याच आखणीत उभे आहे आणि त्याचा उबदार रंगाचा दगड खरोखरच देखणा आहे. मात्र याच ओवांदोने बेटावरच्या मूळ रहिवासी ताइनो लोकांची राणी अनाकाओना हिला फाशी दिली, हे मला तिथे चालताना कधी विसरता आले नाही.

डिसेंबर १५११ मधील एका रविवारी आंतोनियो दे मोंतेसिनोस हा साधू प्रवचनाला उभा राहिला. समोर कोलंबसचा मुलगा दिएगो आणि वसाहतीतील सारे बडे लोक बसलेले असताना, ज्यांना तुम्ही खाणींत राबवून मारता ते ताइनो लोक माणसेच नाहीत काय, असा सवाल त्याने केला. ते प्रवचन मठातील साधूंनी मिळून तयार करून त्यावर सह्या केल्या होत्या, त्यामुळे तो एकट्याचा उद्रेक नव्हता. शब्द मागे घेण्याची मागणी झाली, तेव्हा पुढच्या रविवारी त्याने तेच अधिक कठोरपणे सांगितले. आज समुद्रालगतच्या रस्त्यावर, तोंडाशी हात धरून हाक देणारा त्याचा प्रचंड पुतळा उभा आहे.

मला तिथली आवडलेली आणखी एक गोष्ट म्हणजे कोल्मादो, म्हणजेच तिथले कोपऱ्यावरचे किराणा दुकान. संध्याकाळी त्याच्यासमोर खुर्च्या टाकून लोक डोमिनो खेळतात आणि आतून बाचाता हे तिथले लोकप्रिय संगीत ऐकू येत असते. गरिबांचे, हलक्या वस्तीतले गाणे म्हणून प्रतिष्ठितांनी ज्याला कित्येक वर्षे घराबाहेर ठेवले, त्या बाचाताला २०१९ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. दुपारच्या भात, घेवड्याची उसळ आणि मांस या साध्या ताटाला तिथे ‘बांदेरा’, म्हणजे ध्वज, म्हणतात, आणि मला ते नाव फार योग्य वाटते.

म्हणून तिथे जाणाऱ्यांना मी एवढेच सांगते, की कॅथीड्रल पाहून झाल्यावर लगेच परतू नका, समुद्राच्या बाजूने मोंतेसिनोसच्या पुतळ्यापर्यंत चालत जा आणि परतताना एखाद्या कोल्मादोसमोर घटकाभर बसा.