साथीची जागा

शनिवार, रात्रीचे अकरा

दुपारी गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि माझ्या संध्याकाळच्या गिटारच्या बॅचला पाचपैकी दोघंच आले. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय, ही बातमी त्यांनीच आणली. एकाला त्याचे बाबा लवकर घेऊन गेले. उरला आठवीतला मुलगा.

तीन आठवडे तो एकच वेगवान तुकडा घासत होता. आज न अडखळता वाजवला. मला फार आनंद झाला. मग म्हटलं, आता मी चाल वाजवते, तू खाली कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धर. त्याने प्रत्येक मात्रेवर सहाही तारा खणखणीत छेडल्या. माझी चाल मलाच ऐकू येईना. "ताई, चुकतंय का काही?" सूर बरोबर होते, ताल बरोबर होता. दोन वर्षं शिकवतेय त्याला, पण साथ करायला मी शिकवलंच नव्हतं.

जेवणं झाल्यावर जॅझ गिटारवादक जिम हॉल लावला. बिल इव्हान्सच्या पियानोबरोबरचा १९६२चा अल्बम, 'अंडरकरंट'. पियानो आणि गिटार, बाकी कुणी नाही. दोन्ही वाद्यांवर कॉर्ड्स वाजतात, दोन्हींचा मधल्या सुरांचा पट्टा एकच. जरा कुणी हात सैल सोडला की नुसता गिचका होतो. पण इव्हान्स जिथे पियानोवर भरधाव सुटतो, तिथे हॉल चारही मात्रांवर इतक्या हलक्या हाताने छेडत राहतो की तारांची आणि लाकडाची खरखर तेवढी कानावर येते. ड्रमवर ब्रश फिरावा तशी. ती खरखर मी आज चार वेळा मागे नेऊन ऐकली.

बाबांची आठवण आली. पंचवटीतल्या भजनांना ते तबल्याची साथ करायचे. बुवा लांब आलाप घ्यायला लागले की बाबांचा डावा हात जवळजवळ गप्प व्हायचा. मी लहान होते, मला वाटायचं बाबा दमले. एकदा विचारलं तर म्हणाले, "बुवा जागा घेतायत, मग मी जागा द्यायला नको?" आपल्याकडे गाण्यातल्या सुंदर हरकतीलाही जागा म्हणतात आणि मोकळ्या सोडलेल्या ठिकाणालाही, हे मला त्या उत्तरानंतर कितीतरी वर्षांनी लक्षात आलं.

हॉलचा जन्म १९३०चा, अमेरिकेतल्या बफेलोचा. तेराव्या वर्षी चार्ली ख्रिश्चनची गिटार ऐकली आणि तिथेच त्याचं ठरलं. पुढे क्लीव्हलँडला रीतसर संगीत शिकला. ड्रमवादक चिको हॅमिल्टनच्या पंचकात त्याच्या शेजारी चेलो होता. जिमी जुफ्रीच्या त्रिकुटात तर काही काळ ड्रम नाही, बासही नाही: सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन आणि हा. ताल धरायला मागे कुणीच नसताना गिटारवाल्याने किती वाजवायचं, हे तो तिथे शिकला असणार, असं मला वाटतं. सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स मैफिली सोडून न्यूयॉर्कच्या पुलावर एकटाच रियाज करत होता. तो परतला तेव्हा १९६२च्या 'द ब्रिज' या अल्बमसाठी त्याने पियानो घेतलाच नाही, जिम हॉलला घेतलं.

पुढे हॉल न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये शिकवायचा, तार-वाद्यवृंदासाठी लिहायचा, शेवटच्या वर्षापर्यंत वाजवतही होता. २०१३च्या डिसेंबरात, त्र्याऐंशीव्या वर्षी गेला. गिटारवादक बिल फ्रिझेल सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्याकडे शिकायला गेला होता. २००८मध्ये त्याच शिष्याबरोबर हॉलची दोन गिटारींची ध्वनिमुद्रणं निघाली. ती ऐकताना कोण गुरू, कोण शिष्य हे मला कितीदा ओळखता येत नाही. दोघेही वाट बघत वाजवतात.

लग्नांच्या ऑर्केस्ट्रातून बाहेर पडून क्लास सुरू केला तेव्हा मी कित्येक रात्री रडले होते. वाटायचं, वाजवणं संपलं. पलुस्करबुवांचा आश्रम ज्या पंचवटीत होता तिथेच माझं बालपण गेलं, १९०१ला लाहोरमध्ये त्यांनी काढलेल्या गांधर्व महाविद्यालयाची गोष्ट शाळेत पाठ होती, तरी शिकवणं म्हणजे दुय्यम काम हे डोक्यातून जायला माझी फार वर्षं गेली. आज त्या मुलाचा प्रश्न ऐकताना मी स्टेजवर असायचे तितकीच कान टवकारून बसले होते.

सोमवारसाठी वहीत लिहून ठेवलंय. चार तारा बंद, दोनच चालू. कॉर्डच्या मूळ स्वराला सा मानायचं आणि फक्त त्याचा ग आणि नी धरायचे. कॉर्ड कोणत्या जातीची ते हे दोघेच सांगतात. डी मायनर सेव्हन या कॉर्डवरून जी सेव्हनवर जाताना एक बोट जागेवरच राहतं, दुसरं एकच पडदा मागे सरकतं. बस, एवढंच. आणि अ‍ॅम्पचा आवाज माझी चाल ऐकू येईल इतका खाली.

पावसाने तारा गंजायला लागल्यात, उद्या बदलायला हव्यात. तरी झोपण्याआधी तेच दोन सूर हळूच वाजवून पाहिले, मध्ये भरपूर थांबत. आतल्या खोलीतून आई म्हणाली, "एवढ्या रात्री कुणाला साथ करतेस गं?"