गंगथडीतून हरेगावला

८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिन. या सुमारास तमिळनाडूत वेलांकनीला लाखोंची गर्दी होते, मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा भरते. आमच्या वैजापूर-गंगापूरकडचा ख्रिस्ती माणूस मात्र या दिवसांत एकच नाव घेतो : हरेगाव. श्रीरामपूरजवळच्या या गावात संत तेरेजा चर्चच्या आवारात मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा भरते. मराठवाड्यातली कितीतरी गावं गोदावरी ओलांडून तिकडे जातात. कुणी टेम्पोनं, कुणी एसटीनं, आणि ज्यांनी नवस बोललेला असतो ती पायी.

यंदा मीही आमच्या दिंडीबरोबर पायी गेलो. जूनमध्ये महागुरुस्वामींनी (बिशपांनी) चर्चच्या किल्ल्या माझ्या हाती दिल्या. प्रमुख धर्मगुरू म्हणून माझी ही पहिलीच नेमणूक. मी मूळचा जालन्याकडचा, शिक्षण नागपूरच्या सेंट चार्ल्स सेमिनरीत. नव्या जागी पहिले महिने कामात जातात : बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, बोर्डिंगच्या मुलांचे दाखले, पावसात गळणारे पत्रे. माणसं रोज भेटत होती, पण काहीतरी काम घेऊन, टेबलाच्या पलीकडे उभी राहून. दिंडीत ती काम नसताना भेटली, आणि धर्मग्रामातली (पॅरिशमधली) माणसं मला खरी कळली ती तिथं.

पहाटेची मिस्सा (उपासना) संपवून आम्ही निघालो. पुढे क्रूस घेतलेला मुलगा, मागे झेंडूच्या माळांनी सजवलेल्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोत मरियामातेची मूर्ती, तिच्या पायाशी पेटी-ढोलकी घेऊन बसलेलं भजनी मंडळ, आणि मग बायांची रांग. आयुष्यभर धर्मशिक्षण देत आलेले आमचे म्हातारे मास्तर माईक धरून जपमाळ सांगत होते. ते ‘नमो मरिये’ म्हणायचे आणि मागून पुढचा भाग यायचा. पहिल्या काही मैलांत आवाज विस्कळीत होता. मग पावलं जुळली आणि आवाजही जुळला. शाळेत आम्ही जपमाळ गुडघ्यावर शिकलो. ती चालताना म्हणायला किती सोपी जाते हे दिंडीत समजतं.

नांदूर-मधमेश्वरच्या कालव्याचं पाणी जिथवर पोचतं तिथवर मका आणि ऊस हिरवागार दिसतो. कालवा सुटला की कपाशी आणि बाजरी, आणि आभाळाकडे लागलेले डोळे. चालणाऱ्या माणसाला हा फरक पावलागणिक दिसतो. माझ्या लोकांपैकी बहुतेकांचं पोट या कोरड्या पट्ट्यावर आहे, आणि ते भरत नाही म्हणून दसरा-दिवाळीनंतर ती ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. त्यामुळे मतमाउलीपुढचे नवसही तसेच असतात : कोयता सुटू दे, पोरगी दहावी होऊ दे, टोळीत कुणाला काही होऊ नये.

दिवस शनिवारचा होता, म्हणून जपमाळेत आनंदाची रहस्यं, म्हणजे येशूच्या जन्माच्या आणि बालपणाच्या प्रसंगांचं चिंतन. त्यातलं दुसरं रहस्य मरिया एलिझाबेथच्या भेटीला जाते ते. देवदूताचा निरोप येऊन गेलेला, पोटात प्रभू. आणि ही मुलगी उठून घाईनं डोंगराळ प्रदेशात जाते, कारण म्हातारपणी गरोदर राहिलेल्या नातलगीला हाताखाली कुणीतरी हवं. तिथं ती तीन महिने राहिली असं शुभवर्तमानात लूक सांगतो. त्या तीन महिन्यांत तिनं काय केलं ते त्यानं लिहिलेलं नाही. आमच्या दिंडीतल्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल : पाणी भरलं असेल, दळलं असेल, म्हातारीचे पाय चेपले असतील.

आमच्या धर्मप्रांताची मुळं या रहस्यात आहेत असं मला वाटतं. औरंगाबादचं कॅथेड्रल संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावानं आहे. या संतानं जेन द शांताल यांच्यासह १६१० साली फ्रान्सकडच्या आनसीत भगिनींचा एक संघ काढला आणि त्याला मरियेच्या या भेटीचंच नाव दिलं. आजाऱ्यांच्या, गरिबांच्या घरी या भगिनींनी जावं ही त्यांची कल्पना. काही वर्षांतच तो संघ मठाच्या भिंतीत बंद झाला, कारण बायकांनी असं रस्त्यावर फिरावं हे त्या काळच्या चर्चमधल्या मोठ्यांना रुचलं नाही. मला याचं आजही वाईट वाटतं. पण त्याच आनसीत १८३८ साली फादर मर्मिये यांनी फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावानं मिशनऱ्यांचा संघ स्थापन केला, १८४५ मध्ये ते हिंदुस्थानात आले, आणि पुढे नागपूरच्या बाजूनं मराठवाड्यात पोचले. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांवर ते गेले, तिथं कुणी पाहुणा म्हणून जात नव्हतं. औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ साली झाला. त्याच्या कितीतरी आधीच चालणाऱ्या पायांनी तो घडवलेला होता.

दुपारी एका शेतवस्तीवर थांबलो. घर वारकऱ्यांचं, गळ्यात माळ, दारात तुळस. गंगागिरी महाराजांचं सराला बेट तिथून फार लांब नाही. श्रावणातल्या सप्त्याला या भागातल्या घराघरातून भाकरी जातात, आमटी-भाकरीचा प्रसाद हजारोंच्या पंगतीत वाढला जातो. घरधनीण म्हणाली, “कोन्ची दिंडी, बाबा?” मास्तर म्हणाले, “मतमाउलीची.” “मंग बसा की सावलीत,” म्हणून तिनं पाण्याचा हंडा बाहेर आणला आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं. धर्म, जात, गाव, काही विचारलं नाही. रस्त्यानं देवाच्या नावानं चालणाऱ्याचं काय करायचं हे गंगथडीला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

तिथंच डबे सुटले. बाजरीच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. आमच्यात एक आजी होती, अनवाणी, नातीच्या आजारपणाचा नवस फेडायला निघालेली. ती स्वतःचं फडकं सोडायच्या आधी उठली, लिंबाखाली एकटी बसलेल्या एका तरण्या सुनेजवळ गेली आणि दोन भाकरी तिच्या पदरात ठेवून परत आली. एक शब्द बोलली नाही. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, “तिच्या हातात डबा न्हवता, फादर. घरी पीठ असतं तर डबा असता.”

काना गावच्या लग्नात मरियेनं नेमकं हेच केलं. यजमानानं काही सांगायच्या आत तिला कळलं, आणि ती येशूला एवढंच म्हणाली, “त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही.” मागणं नाही, आग्रह नाही, जे कमी आहे ते पाहिलं आणि जो भरून काढू शकतो त्याच्या कानावर घातलं. मग चाकरांना, “तो तुम्हांला सांगेल ते करा.” मरियेची भक्ती या दोन वाक्यांत बसते असं मी मानतो. अकरावीतला एक मुलगा वाटेत मला म्हणाला होता, कॉलेजात पोरं विचारतात, तुम्ही मरियेची पूजा करता का? पूजा एकट्या देवाची. आई आपल्याला तिच्या मुलाकडे नेते, आणि आपण तिला आपल्यासाठी विनंती करायला सांगतो. हे मी त्याला सांगितलं होतंच. आजीच्या त्या दोन भाकऱ्यांनंतर मी त्याला फक्त लिंबाखाली बघायला सांगितलं.

संध्याकाळी गोदावरीचा पूल ओलांडला. पुलावर सगळे थांबले, बायांनी गंगेला हात जोडले. पुढचं काय सांगावं! उसाचे फड, हरेगावचं जुनं साखरेचं वैभव, बेलापूर कंपनीच्या कारखान्याच्या आठवणी सांगणारे म्हातारे, आणि मग एकदम माणसांचा समुद्र. झाडाखाली खुर्च्या टाकून फादर लोक पापनिवेदन ऐकत होते. मीही बसलो, रात्र होईपर्यंत. जे ऐकलं ते माझ्यापाशीच राहील. इतकंच म्हणतो की, स्वतःसाठी रडणारी माणसं थोडी होती. बहुतेक जण दुसऱ्या कुणासाठी आले होते. मूर्तीपुढे मेणबत्ती लावणाऱ्यांत कुंकू लावलेल्या बाया होत्या, बुरखा घातलेल्याही होत्या.

रविवारची मिस्सा झाल्यावर परतताना टेम्पोत मास्तरांशी बोलणं झालं. ऑक्टोबर महिना जपमाळेचा. पोप तेराव्या लिओंनी १८८३ साली तो सुरू केला, आणि आमच्याकडे रोज संध्याकाळी चर्चमध्ये जपमाळ होते. यंदा आम्ही ती घरोघरी न्यायची ठरवली आहे. मूर्ती आळीपाळीनं खांद्यावर घ्यायची, वस्त्यांवर चालत जायचं, आणि जपमाळ झाल्यावर त्या घरात थोडं बसायचं. म्हाताऱ्याचं औषध संपलंय का, टोळी गेल्यावर पोरं कुणाकडे राहणार, बोर्डिंगात जागा हवी का, हे तिथं बसूनच समजेल. त्या आजीला मी बरोबर यायची विनंती केली आहे. माझ्या आधी तिला दिसतं. सुरुवात टोळ्यांच्या वस्त्यांपासून करायची, कारण लांबच्या कारखान्यांना जाणारी माणसं दसरा झाला की निघतात, आणि तोवर त्या प्रत्येक घरी एकदा तरी जाऊन यायचं आहे.