गोठ्याचं पान

गोव्यातल्या साळावली धरणात आमचं कुर्डी गाव बुडालं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. घरचे वालकिणीला राहायला आले. मे महिन्यात पाणी ओसरतं, गाव उघडं पडतं आणि सोमेश्वराच्या उत्सवाला सगळे तिथे जातात. गेल्या वर्षी तिथे काढलेल्या फोटोंचं पुस्तक हातानंच करायचं ठरवलं.

छपाईसाठी सायनोटाइप निवडलं. जॉन हर्शलनं १८४२ मध्ये शोधलेली ही पद्धत. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइडचं मिश्रण मंद उजेडात कागदाला लावायचं, सुकल्यावर वर निगेटिव्ह ठेवून काचेनं दाबायचं आणि उन्हात धरायचं. मग पाण्यात धुतलं की निळं चित्र उरतं. बुडालेल्या गावासाठी मला ऊन आणि पाणी, दोन्ही हवंच होतं.

पहिले बारा कागद वाया गेले. कागदात खडूची भर होती आणि या निळ्याला अल्कली सोसत नाही. मग भर नसलेला सुती कागद आणला, धुण्याच्या पहिल्या पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं. निळा पक्का बसला.

पुस्तक म्हणजे एकच लांब पट्टी, नागमोडी घड्यांची. पुठ्ठ्यासाठी मैद्याची खळ शिजवली, कीड लागू नये म्हणून बाइंडर घालतात तसं चिमूटभर मोरचूद घातलं. चित्रांचा क्रम मी देखणेपणावर लावला होता.

आईनं ती सगळी जमिनीवर पसरली. तीन जांभ्या चिऱ्यांच्या चित्रावर बोट ठेवलं. ‘‘ही आमची न्हाणी. या चिऱ्यावर हंडा असायचा.’’ मग एकेक चित्र सरकवत म्हणाली, ‘‘देवळाकडून येताना आधी हा माड लागतो, मग गोठा, मग वृंदावन. तू घर मागे टाकून पुढे गेलीस की गं!’’

मी सगळा क्रम मोडला आणि तिच्या पावलांनी लावला. पण गोठ्याचा फोटोच नव्हता. तिथे मिश्रण लावलेला कागद निगेटिव्ह न ठेवता उन्हात धरला. धुतल्यावर पान काठोकाठ गडद निळं झालं. आईनं त्यावरून तळवा फिरवला आणि गाईंची नावं सांगितली. ती मी मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवली आहेत.

पुस्तक महिनाभर खिडकीत उघडं राहिलं तेव्हा निळा फिका पडला. अंधारात ठेवल्यावर तो पुष्कळसा परत आला. या निळ्याचा तो गुणच आहे. आता आई ते कपाटात, तिच्या साड्यांच्या घड्यांत ठेवते.