महिनाभर घर बंद, फ्रीजचं काय केलं

मे महिन्यात इंदूरचं घर बंद करून पुण्या-कोकणाकडे निघायचं म्हटलं की गॅस, नळ, कुलपं सगळ्यांना आठवतात. फ्रीजचा विषय निघतो तो शेवटच्या रात्री, बॅगा भरून झाल्यावर. तो तीन-चार दिवस आधी काढला की सगळं सोपं जातं.

मी आधी दारावरचं स्टार लेबल वाचलं. त्यावर वर्षाला किती युनिट लागतात ते छापलेलं असतं. आमच्या दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजवर 219 आहे, म्हणजे दिवसाला 0.6 युनिट, पंधरा दिवसांचे 9 आणि महिन्याचे 18. युनिटला सात रुपये धरले तर महिनाभर फ्रीज बंद ठेवून सव्वाशे रुपये वाचतात. उन्हाळ्यात बंद घर तापतं, त्यामुळे प्रत्यक्ष खप लेबलपेक्षा चढाच असतो. तरी रक्कम काही हजारांत जात नाही. म्हणून पाच-सहा दिवसांसाठी फ्रीज रिकामा करण्यात अर्थ नाही. फेकून दिलेलं अर्धा किलो श्रीखंड त्याहून महाग पडतं. दहा-बारा दिवसांच्या पुढे मात्र बंदच करावा. त्याला पैशापेक्षा मोठं कारण आहे: वळवाच्या वादळात लाईट जाते, व्होल्टेज वर-खाली होतं आणि बघायला घरात कोणी नसतं.

‘बंद करून पुन्हा चालू केला तर उलट जास्त वीज खातो’ असं हमखास ऐकायला मिळतं. ते खरं नाही. रिकाम्या फ्रीजमध्ये गार व्हायची असते ती आतली हवा, प्लास्टिक आणि काच. काही तासांचं काम. ‘पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या की वीज वाचते’ हेही अर्धंच खरं. दार सारखं उघडत असेल तर भरलेल्या फ्रीजमधली गार हवा कमी बाहेर पडते. घरात कोणीच नसताना बाटल्या असल्या-नसल्या तरी खप तोच. लाईट गेल्यावर गारवा थोडा जास्त टिकतो, एवढाच त्यांचा फायदा.

छोट्या सुट्टीत फ्रीज चालूच ठेवायचा तर बटण एक घर खाली आणावं, पण अगदी कमीवर नको. तापलेल्या खोलीत फ्रीजरमधला माल मऊ पडतो. व्हेकेशन मोड असेल तर त्यात काय चालू राहतं हे माहितीपुस्तिकेत नीट वाचावं. बऱ्याच मॉडेलांत फ्रीजर चालतो आणि खालचा कप्पा नावापुरता गार राहतो, त्यामुळे तिथे दूध-दही ठेवून जाऊ नये. आणि मेन स्विच पाडायची सवय आवरावी. बाकीचे एमसीबी एकेक करून पाडायचे आणि शेवटी फ्रीजचं दार उघडून आतला दिवा लागतो का ते बघायचं. लाईट जाऊन आली का हे परतल्यावर कळावं म्हणून फ्रीजरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवावं. परत आल्यावर नाणं तळाशी गोठलेलं दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय असं समजावं आणि फ्रीजरमधला माल कचरागाडीला द्यावा.

यंदा घर महिनाभर बंद राहणार होतं, म्हणून पूर्ण बंद करायचं ठरवलं. चार दिवस आधीपासून भाजी आणणं थांबवलं आणि दूध रोजच्यापुरतंच घेतलं. तेलात बुडालेलं लोणचं आणि तूप फ्रीजबाहेर राहतं, ते कपाटात गेलं. रवा, सुकं खोबरं, मसाले उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवले असतील तर ते घट्ट झाकणाच्या डब्यांतून शेजारी द्यावेत. बंद घरात खोबरं खवट होतं. विरजणही शेजारच्या काकूंकडेच. घरात इन्सुलिन असेल तर न उघडलेल्या कुप्यांना 2 ते 8 अंश लागतात. त्या सोबत न्याव्यात किंवा कोणाच्या तरी चालू फ्रीजमध्ये ठेवाव्यात. व्हेकेशन मोडच्या भरवशावर त्या सोडू नयेत.

फ्रीज बंद केला तो निघायच्या आदल्या संध्याकाळी. याला कारण आहे. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये बर्फ दिसत नाही, पण फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड कॉइलवर तो असतोच, आणि बंद केल्यावर कित्येक तास त्याचं पाणी गळत राहतं. निघायच्या तासभर आधी बटण दाबून दार लावलं तर ते सगळं पाणी बंद फ्रीजमध्ये मुरतं. एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर डोळ्यांना दिसतो, आणि तो पाहून सुरी घ्यायचा मोह होतो. ती अजिबात घेऊ नये. फ्रीजरची पातळ ॲल्युमिनियमची भिंत लगेच फुटते आणि गॅस निघून जातो. दार उघडं ठेवून आत गरम पाण्याचं पातेलं ठेवलं की बर्फ आपोआप सुटतो.

सॉकेटचं बटण बंद करून प्लग काढला. स्टॅबिलायझरही बंद केला, कारण चालू राहिला तर तोही थोडी वीज खातोच. ट्रे, काचा, भाजीचा डबा बाहेर काढले. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून आतून सगळं पुसलं. दाराच्या रबराच्या घड्या जुन्या टूथब्रशने साफ केल्या. काळी बुरशी सर्वांत आधी तिथेच धरते. आत मागच्या बाजूला पाणी जायचं एक बारीक भोक असतं. त्यात कोथिंबिरीची पानं अडकतात. स्ट्रॉ घालून ते मोकळं केलं आणि वरून थोडं कोमट पाणी सोडलं.

हे पाणी कुठे जातं, हा मुद्दा बहुतेक जण विसरतात. फ्रीजच्या मागे, खाली, कॉम्प्रेसरवर एक ट्रे असतो. फ्रीज चालू असताना कॉम्प्रेसरच्या उष्णतेने त्यातलं पाणी आटतं. बंद फ्रीजमध्ये ती उष्णताच नाही, म्हणजे वितळलेल्या बर्फाचं सगळं पाणी ट्रेमध्ये तसंच साचून राहतं. डेंगीचा डास असल्याच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात. आपण बाहेरगावी असताना त्यांना पुरेसा वेळ मिळतो. म्हणून ट्रे सकाळी, सगळं गळून झाल्यावर, शेवटी साफ करायचा. काही फ्रीजचा ट्रे निघतो. आमचा घट्ट बसवलेला आहे, तेव्हा फ्रीज पुढे ओढून स्पंजने टिपून घेतलं आणि कोरडा फडका फिरवला. चिकट थर होता, तो ब्रशने काढला. पाण्याचा डिस्पेन्सर असेल तर त्याची टाकीही रिकामी करावी.

काचा-ट्रे पुसून पंख्याखाली वाळवले आणि मगच परत बसवले. दोन्ही दारांत गुंडाळलेला टॉवेल अडकवला, दोन बोटं फट राहील एवढा, आणि दार पूर्ण उघडू नये म्हणून हँडल नाडीने बांधलं. आत वर्तमानपत्राचे चार बोळे ठेवले. ते ओल आणि वास दोन्ही ओढतात. उघड्या दारातून झुरळं शिरतील ही भीती खोटी नाही, पण आत अन्नाचा कण नसेल तर ती तिथे फारशी थांबत नाहीत. ओला फ्रीज बंद ठेवल्यावर प्लास्टिकमध्ये मुरणारा वास मात्र महिनोन्‌महिने जात नाही.

परतल्यावर आधी मागचा ट्रे बघितला, मग बोळे काढून ओल्या फडक्याने एकदा पुसलं. लगेच माल भरायचा नाही. बटण मधल्या घरावर ठेवून रिकामाच चार-पाच तास चालू दिला, मग पाण्याच्या बाटल्या, आणि भाजी दुसऱ्या दिवशी. दुधाची पिशवी पहिल्या दिवशी एकच आणली, तीही चहापुरती.