दोन खुर्च्या आणि आठ महिने

मी आहारतज्ज्ञ. वॉर्डात रोज बघते, डॉक्टर 'मीठ कमी करा' म्हणून पुढच्या खाटेकडे वळतात आणि पेशंट मला विचारतो, "कमी म्हणजे किती हो?" दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आमच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना पाठ असतो. पण ५ ग्रॅम म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, तोही दिवसभराचं सगळं खाणं धरून, हे समोरच्या माणसाला सांगताना त्यांची गाडी अडते. म्हणून ठरवलं, यांना आहाराबद्दल बोलायला शिकवायचं. दोन तास पुरे होते.

अधिष्ठाते लगेच हो म्हणाले. मग प्रस्तावाचा फॉर्म आला आणि आठ महिने गेले.

फॉर्मात रकाना होता: 'व्याख्यान की प्रात्यक्षिक?' मी लिहिलं, दोन्ही नाही, विद्यार्थी समोरच्याशी बोलतील आणि मी ऐकेन. फाइल परत आली. शेरा: 'रकाना योग्य भरावा.' बरं, 'प्रात्यक्षिक' लिहिलं. आता उपकरणांची यादी हवी. चिडून लिहिलं, 'खुर्च्या, नग दोन'. तीही परत, कारण खुर्च्या फर्निचरमध्ये मोडतात! मग विषय कुणाचा यावरून घोळ. जीवरसायनशास्त्रवाले म्हणाले, आम्ही जीवनसत्त्वं शिकवतो, बोलणं नाही. मेडिसिनवाल्यांकडे तास नव्हते. जो तो म्हणे, आधी दुसऱ्याची सही आणा. एका बैठकीला मी दीड तास दाराबाहेर बसले. माझा विषय यादीत शेवटचा होता, तिथवर पोचेपर्यंत सगळे उठले. पुढची बैठक महिन्याने.

सुटका झाली ती एका वरिष्ठ बाईंच्या एका वाक्याने: "अगं, परीक्षेत घाल ना." वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ रोनाल्ड हार्डन यांची १९७५ची ओएससीई पद्धत आमच्याकडे होतीच: विद्यार्थी एकेका टेबलावर, म्हणजे 'स्टेशन'वर, ठरलेल्या मिनिटांत एकेक काम करून दाखवतो आणि परीक्षक चेकलिस्टवर खुणा करतो. त्यात आहार समुपदेशनाचं एक स्टेशन मागितलं. जे परीक्षेत येतं ते शिकवावंच लागतं, त्यामुळे तीन आठवड्यांत मंजुरी. तुम्ही या वाटेला जाणार असाल तर परीक्षेपासूनच सुरुवात करा. माझे आठ महिने गेले ते गेले.

पहिल्या सरावात एका मुलाने पेशंट झालेल्या बाईंना विचारलं, "गोड जास्त खाता का?" "नाही." झालं. पाचातली चार मिनिटं शिल्लक, आणि हा नुसता पेन फिरवतोय. मी त्याला पुन्हा बसवलं: "काल उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय काय गेलं, ते विचार." जेवणं सोडून पाच वेळा गोड निघालं. बाईंनी काही लपवलं नव्हतं. पेयातली साखर त्या 'खाण्यात' धरतच नव्हत्या.

चेकलिस्ट छोटी ठेवा. माझी आधी २४ मुद्द्यांची होती. मुलं पाढे म्हटल्यासारखे प्रश्न विचारत आणि उत्तराकडे कान नाही. आता आठच आहेत. त्यातला एक: प्रश्न विचारून गप्प बसला का? हाच सगळ्यांना जड जातो, अनुभवी डॉक्टरांना तर जास्तच. मानसशास्त्रज्ञ मिलर आणि रोलनिक यांच्या प्रेरणादायी संवादपद्धतीत (मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग) चूक दुरुस्त करायला धावणाऱ्या या ऊर्मीला आवर घालायला सांगतात. आधी पेशंटला स्वतःला काय बदलावंसं वाटतं ते ऐकायचं, सल्ला नंतर, आणि तोही परवानगी विचारून. हो, आणि शेवटी 'कळलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'घरी गेल्यावर काय सांगाल?' असं विचारलं की खरं बाहेर येतं. पहिल्या वर्षी हा मुद्दा मी चेकलिस्टमध्ये घालायलाच विसरले होते.

यंदा नर्सिंगच्या तुकडीसाठी तोच फॉर्म भरला. रकान्यात मुकाट 'प्रात्यक्षिक' लिहिलं. उपकरणं: वजनकाटा एक, कंबर मोजायची टेप एक. पहिल्याच फेरीत मंजूर. खुर्च्या वर्गात होत्याच.